मंगळवारची काळी पानं

रस्त्यावर गाड्यांची रांग लागली आहे. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पुढची गाडी हलायचं नाव घेत नाही. तुम्ही मनाशी म्हणता, पुढे काहीतरी मोठं घडलेलं दिसतंय. ट्रक उलटला असेल, झाड पडलं असेल, निदान एखादी म्हैस तरी ठाण मांडून बसली असेल. मग रांग हलते. तुम्ही खिडकीतून मान लांब करकरून बघता, आणि पुढे काय? काही नाही! ना ट्रक, ना झाड, ना म्हैस. रस्ता लख्ख मोकळा. मग इतका वेळ आपल्याला अडवलं तरी कोणी?

घारगावच्या मृदा गुंजाळला हा प्रश्न नेहमी पडायचा. मृदा सहावीत होती आणि शाळेसाठी रोज बसने नारायणगावला जायची. ही गोष्ट आहे २०५८ सालची. तोवर महामार्गाची डावी मार्गिका विनाचालक मालगाड्यांना (चालकाशिवाय आपल्या आपण चालणाऱ्या गाड्यांना) देऊन टाकली होती. त्या मालगाड्या मुंग्यांसारख्या शिस्तीत जायच्या. माणसं चालवत असलेल्या सगळ्या गाड्यांना उरली होती उजवीकडची, दुभाजकालगतची एकच मार्गिका. त्यामुळे ओव्हरटेक करायची सोयच नव्हती, आणि ज्याला त्याला मात्र पुढे जायचं होतं.

सव्वासातची निळी बस मृदाची आईच चालवायची. सारिकाताई गुंजाळ, एकोणीस वर्षं चालक, एकही अपघात नाही. पण तिची चालवण्याची तऱ्हा जगावेगळी होती. पुढच्या गाडीच्या मागे ती भलीमोठी जागा मोकळी सोडायची. पुढचा जोरात पळाला तरी ही आपली एका लयीत. पुढचा थबकला तर ही ब्रेक न दाबता नुसती पावलाचा जोर कमी करायची. फाट्याफाट्यावरून येणाऱ्या गाड्या त्या जागेत बिनधास्त घुसायच्या. बसमधले लोक चरफडायचे. "बाईंनी धर्मशाळा उघडलीये, या, बसा!" असं कोणीतरी रोज म्हणायचंच.

त्या सोमवारी मृदाच्या वर्गातला शौनक मागच्या बाकावरून ओरडला, "मृदा, तुझी आई बस चालवते की वरात काढते गं?" सगळी बस हसली. मृदाचे कान लाल झाले. प्रत्येक आसनासमोर तक्रारीची चार बटणं असायची. इतरांसारखंच आपणही वैतागलोय हे दाखवायला तिने सगळ्यांदेखत 'गाडी हळू' हे बटण दाबलं. मुलं खूश झाली. आरशात आईचे डोळे रस्त्यावरच होते.

संध्याकाळी आगाराकडून आईच्या फोनवर निरोप आला. महिन्याभरात 'गाडी हळू'च्या शंभरावर तक्रारी झाल्या होत्या. शुक्रवारी सुनावणी. समाधानकारक उत्तर मिळालं नाही, तर सोमवारपासून त्या मार्गावर विनाचालक बस सुरू होणार आणि सारिकाताईंची बदली बस धुण्याच्या विभागात.

"आई, तू भांड ना त्यांच्याशी!" मृदा म्हणाली.

"काय भांडू? लोकांना घाई असती गं," आई म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. तिचा आवाज मात्र नेहमीसारखा नव्हता. तिने मृदाला ताट वाढलं. शंभर तक्रारींमधली एक आपली आहे, हे मृदाने सांगितलंच नाही. ताट तसंच टाकून ती उठली.

दुसऱ्या दिवशी मंगळवार, आईच्या सुट्टीचा वार. त्या दिवशी बस चालवायला पठारेकाका असायचे. पठारेकाकांचा हिशेब सरळ होता: जागा दिसली की घुसायचं, पुढच्याच्या शेपटीला चिकटायचं, मग करकचून ब्रेक. उभे असलेले लोक लाटेसारखे पुढे कोसळायचे आणि परत मागे यायचे. बोटा गावाच्या पुढे बस जी थांबली ती थांबलीच.

मृदा उजव्या खिडकीत होती. बाहेर हाताच्या अंतरावर दुभाजकावरची कण्हेर, आणि त्या कण्हेरीला आंघोळ घालत होता कण्हेरबुवा. कण्हेरबुवा म्हणजे दुभाजकावरच्या झाडांची निगा राखणारा यंत्रमानव: पाठीवर पाण्याची टाकी, पायांच्या जागी चार चाकं आणि सहा लांब हात. त्याला बोलायला शिकवलं होतं रोपवाटिकेतल्या जिजाबा माळ्यांनी, त्यामुळे त्याची भाषा थेट जिजाबांची होती.

"मंगळवार हाय ना आज?" पानं धुता धुता तो पुटपुटला. "म्हनूनच. काळीकुट्ट झाल्यात बिचारी."

मृदाने खिडकीतून विचारलं, "मंगळवारचा आणि पानांचा काय संबंध?"

"लई संबंध हाय पोरी. गाडीनं ब्रेक दाबला का ब्रेकची पट्टी घासती, तिची काळी भुकटी उडती, आन् ती बसती माझ्या पानांवर. जितकं ब्रेक, तितकी काळी पानं. धुतल्यालं पानी किती गढूळ झालं, ते मी रोज मोजतो. मंगळवारी ते तिप्पट गढूळ असतं."

"म्हणजे मंगळवारी जास्त अपघात होतात?"

"अपघात? छ्या! पुढं काय बी न्हाई. मी आत्ताच तिकडनं आलोय."

मृदा ताडकन सरळ बसली. तिचा रोजचा प्रश्न कोणीतरी तिच्या हातात आणून ठेवला होता. "मग आम्हाला अडवलंय कोणी?"

कण्हेरबुवाने सहाच्या सहा हात थांबवले. झाडाला पाणी घालण्याखालोखाल त्याला काही आवडत असेल तर ते समजावून सांगणं.

"नीट ऐक. साडेसहाला आळेफाट्याच्या अलीकडं एका गाडीवाल्यानं द्राक्षाच्या टपरीकडं बघितलं. बघता बघता पाय सैल सुटला आन् गाडी जरा हळू झाली. जरा म्हंजी जराच. त्याच्या मागचा अगदी चिकटून व्हता. त्याला हे दिसायला आन् त्याचा पाय ब्रेकवर जायला एक सेकंद गेला. याला प्रतिक्रियाकाळ म्हनत्यात (डोळ्यांना दिसल्यापासून हातापायांनी ते करेपर्यंत जाणारा वेळ). एका सेकंदात गाडी चौदा मीटर पळती. मग तो घाबरला आन् पुढच्यापेक्षा जोरात ब्रेक दाबला. त्याच्या मागचा त्याहून जोरात. त्याच्या मागचा अजून जोरात. धाव्वा-बारावा पार थांबलाच."

"आणि ज्याने द्राक्षं बघितली तो?"

"तो कवाच घरी पोचला! त्याला पत्ता बी न्हाई." कण्हेरबुवाने एक हात पुढे आणि एक मागे केला. "आता गंमत बघ. थांबलेल्या रांगेचं तोंड सुटतंय, पुढचे एकेक निघून जात्यात. पन शेपटाला मागनं येनारे येऊन थांबत्यात. म्हंजी गाड्या जात्यात पुढं, आन् कोंडी सरकती मागं. लाट हाय ती, थांबण्याची लाट. तासाला पंधरा किलोमीटर. मी बी पंधरानंच चालतो. साडेसहापास्नं तिच्या संगतीनं उलटा येतोय, तवा कुठं तुझ्यापाशी पोचलो."

मृदा बघतच राहिली. म्हणजे ती ज्या कोंडीत अडकली होती, ती मुळात इथे जन्मलीच नव्हती. ती कित्येक किलोमीटर पुढे जन्मून, चालत चालत तिला भेटायला आली होती. अशा कोंडीला शास्त्रज्ञ आभासी कोंडी म्हणतात (अडथळा कुठेच नसताना तयार होणारी कोंडी), हेही कण्हेरबुवाने सांगून टाकलं.

"मग ती कधी संपते?"

"कुनीतरी ती मागच्याकडं ढकलायची बंद केली का. एखाद्यानं पुढं मोप जागा ठेवली असंल, तर लाट त्याच्यापाशी येती, त्या जागेत जिरून जाती. त्याला ब्रेक दाबावाच लागत न्हाई. मग त्याच्या मागच्याला लागत न्हाई, त्याच्याही मागच्याला न्हाई. बाकीच्या वारी सव्वासातला एक निळी बस येती. कोन बाई चालवती ठाऊक न्हाई. पुढं ही एवढी जागा! तिच्या मागं चार किलोमीटरपर्यंत माझी पानं हिरवीगार. त्या बाईला एकदा हात जोडायचेत मला, सहाच्या सहा."

ती बाई म्हणजे आपली आई, हे मृदा सांगणार, तेवढ्यात बस हिसका देऊन पुढे निघाली. तिने खिडकीतून डोकं बाहेर काढून एवढंच ओरडून विचारलं, "ते पाण्याचे आकडे तुझ्याकडे लिहिलेले आहेत का?"

"दोन वर्षांचे!" मागून उत्तर आलं.

शुक्रवारी आगाराच्या पटांगणात सुनावणी भरली. आगारप्रमुख शिरसाठ मॅडम टेबलामागे बसल्या होत्या. त्या करड्या होत्या, पण हलक्या कानाच्या नव्हत्या. समोर वीस-बावीस प्रवासी आणि एका कडेला आई, गणवेशाला कडक इस्त्री केलेली. तिने बोलायला काही तयारी केलेली दिसत नव्हती.

"माझं एकच म्हणणं," बँकेत काम करणारे लोणारीकाका म्हणाले, "बाई पुढे साठ मीटर जागा सोडतात. अहो, साठ मीटर! त्यात लग्नाचा मांडव पडेल. तेवढा आम्हाला उशीर होतो."

"किती उशीर?" मागून आवाज आला. मृदा शाळा बुडवून आली होती, आणि तिच्या शेजारी चिखलाची चाकं फरशीवर उमटवत तिने बोलावून आणलेला कण्हेरबुवा उभा होता. आईने कपाळाला हात लावला.

"किती म्हणजे... बराच," लोणारीकाका म्हणाले.

"पन्नासच्या वेगाने बस सेकंदाला चौदा मीटर जाते," मृदा म्हणाली. "साठ मीटर म्हणजे चार सेकंद आणि वर थोडंसं. तुम्ही एक जांभई देता तेवढा वेळ. मध्ये घुसणारी एक गाडी आणखी दोन सेकंद घेते. दहा घुसल्या तरी वीस सेकंद. आणि मंगळवारी तुम्ही किती वेळ थांबता?"

लोणारीकाकांनी मंगळवारचा विचार केला आणि ते खाली बसले.

मग कण्हेरबुवाने दोन वर्षांचे आकडे पुढे ठेवले: रोजच्या पानांचं पाणी, रोजचा गढूळपणा, किलोमीटरच्या दगडांसकट. सारिकाताई रजेवर असतील त्या दिवशी आकडा उडी मारायचा आणि त्या परत आल्या की खाली बसायचा. शिरसाठ मॅडमनी हजेरीपत्रक मागवून तारखा स्वतः ताडून पाहिल्या. तारीख न् तारीख जुळत होती.

"आकडे बोलतायत खरे," त्या म्हणाल्या, "पण एका बसने मागच्या सगळ्या रांगेला फरक पडतो, हे माझ्या डोळ्यांना दिसल्याशिवाय मी सही करणार नाही."

"मग चालून बघू या!" मृदा म्हणाली.

पटांगणात खडूने मोठं वर्तुळ आखलं. त्यावर तक्रारदारांनाच उभं केलं, एकामागे एक, लोणारीकाकांसकट. प्रत्येकाने पुढच्याच्या जवळ राहून चालायचं, फक्त धक्का लागू द्यायचा नाही. दोन फेऱ्या मजेत झाल्या. मग एका काकूंचा पदर चपलेखाली आला आणि त्या क्षणभर अडखळल्या. मागचा थांबला. त्याच्या मागचा आणखी जोरात थांबला. काकू तर चालू लागल्या होत्या, पण ते थांबणं वर्तुळावरून मागे मागे सरकत निघालं आणि सगळ्यांना गाठत पुन्हा काकूंपर्यंत येऊन पोचलं. "अहो, पुढे चला ना! कोण थांबलंय पुढे?" लोणारीकाका ओरडले. पुढे कोणीच थांबलं नव्हतं. हे त्यांच्याच लक्षात आलं.

"आता आई, तू जा मध्ये," मृदा म्हणाली.

आई संकोचून रांगेत शिरली. पुढचे झपझप गेले तरी ती धावली नाही. तिने पुढे हळूहळू जागा होऊ दिली आणि बाजारातून पाटी डोक्यावर घेऊन परतणारी बाई चालते तशी एका चालीने चालत राहिली. थांबण्याची लाट फिरत फिरत आली. पुढचा थबकला. आई त्याच्यापर्यंत पोचेपोचेतो तो चालूही लागला होता, आणि आईचं पाऊल कुठे अडलंच नाही. म्हणून तिच्या मागच्याचंही अडलं नाही. तिसऱ्या फेरीला अख्खं वर्तुळ एका लयीत फिरत होतं. एरवी एकमेकांवर खेकसणारी ती बावीस माणसं चालता चालता हसायला लागली.

शिरसाठ मॅडम खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या होत्या. "सारिकाताई, हे शास्त्र तुम्हाला कोणी शिकवलं?"

"कुठलं शास्त्र, मॅडम?" आई पदराने घाम टिपत म्हणाली. "माझ्या बसमध्ये म्हाताऱ्या माणसांना बसायला जागा मिळत नाही कधीकधी. करकचून ब्रेक मारला की ती पडतात. ती पडू नयेत म्हणून मी ब्रेक टाळते. मागं कोणाचं काय होतं, ते मला आज कळलं."

मृदाला आता राहवेना. सगळ्यांसमोर ती म्हणाली, "मॅडम, त्या तक्रारींमधली एक माझी आहे. मुलं हसली म्हणून मी बटण दाबलं. आई, माझं चुकलं."

आई जवळ आली आणि तिने मृदाच्या डोक्यावर हात ठेवला.

"आसन नऊ," ती हळूच म्हणाली. "तक्रारींच्या यादीत तुझं आसन होतं की. अन् तू सोमवारी ताट टाकून उठलीस, तेव्हाच समजले मी. म्हटलं, सांगेल सावकाश."

मृदा आईच्या कुशीत तोंड खुपसून रडली. लाज होती, पण त्याहून मोठं काहीतरी होतं. एकोणीस वर्षं ही बाई रोज हजारो माणसांचा रस्ता मोकळा करत होती, आणि त्यातल्या एकालाही ते माहीत नव्हतं. कसं माहीत असणार? ज्यांना तिचा उपयोग व्हायचा ते सगळे मागे असायचे. तिला दिसायचे ते फक्त बसमधले चरफडणारे. कण्हेरबुवाने मात्र ठरल्याप्रमाणे सहाच्या सहा हात जोडले आणि आई इतकी अवघडली, की तिनेही उलट त्यालाच नमस्कार केला.

शिरसाठ मॅडमनी सही केली. सव्वासातची बस सारिकाताईंकडेच राहिली. एवढंच नाही, विनाचालक बसही येणार होत्या, पण त्यांना जागा ठेवायला आणि न थांबता मंदावायला शिकवणार होत्या सारिकाताई. दिवाळीपर्यंत अशा बारा बस या रस्त्यावर उतरणार होत्या. एका बसमागे चार किलोमीटर, तर बारांमागे किती, हे गणित शौनकने वहीत मांडलं आणि उत्तर बघून शीळ घातली. पठारेकाकांनीही शिकवणीला नाव घातलं. "मंगळवारची बदनामी पुरे झाली," ते म्हणाले.

पुढच्या बुधवारी मृदा मुद्दामच आईच्या बसमध्ये बसली नाही. शेजारचे रोहिदासमामा टोमॅटो घेऊन नारायणगावच्या बाजारात निघाले होते, त्यांच्या पिकअपमध्ये ती चढली. निळी बस दोनेक किलोमीटर पुढे गेली होती, दिसतही नव्हती. पिकअपने बोटा मागे टाकलं, आळेफाटा आला, गेला. मागच्या क्रेटमधला एकही टोमॅटो जागचा हलला नाही. रस्ता पाण्यासारखा वाहत होता.

"कमाल आहे!" रोहिदासमामा स्टिअरिंगवर थाप मारत म्हणाले. "आज एकदा पण ब्रेक मारावा लागला नाही. सकाळी कुणाचं तोंड बघून उठलो कुणास ठाऊक!"

मृदाने समोरच्या मोकळ्या रस्त्याकडे पाहिलं.

"तोंड कुणाचं बघितलंत ते मला माहीत नाही, मामा," ती म्हणाली. "पण आपल्या पुढे माझी आई आहे."